स्वस्ताईतली ओढाताण : १९३० च्या दशकातले सोलापूर

महाराष्ट्रातील जुन्या पिढ्यांच्या बोलण्यात १९३० च्या दशकाचा उल्लेख बहुधा स्वस्ताईचा काळ म्हणून होतो आणि त्यामागोमाग आण्या-पैशांत मिळणाऱ्या धान्याचे, तुपाचे, कापडाचे भाव सांगितले जातात. हे भाव खोटे नाहीत. मात्र त्या काळी घरात रोख रुपया किती येत होता, हे त्यांच्यासोबत सांगितले नाही तर चित्र उलटे होते. ज्याच्या हाती ठरावीक पगार होता त्याला मंदी काही अंशी सोयीची ठरली, ज्याला आपला माल विकून रोकड उभी करावी लागत होती त्याचे तिने कंबरडे मोडले, आणि ज्याचा पगारच कापला गेला तो या दोहोंच्या मध्ये अडकला. हे तिन्ही प्रकारचे लोक एकाच शहरात, एकमेकांच्या शेजारी, पाहायचे असतील तर महाराष्ट्रात सोलापूरइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. कापसाच्या गिरण्या, हातमागांचे कारखाने आणि सभोवती पसरलेला ज्वारीचा कोरडवाहू मुलूख यांची गाठ या शहरात पक्की बसलेली होती.

१९३१ च्या जनगणनेच्या सुमारास सोलापूरची लोकसंख्या दीड लाखाच्या जवळ आली होती. १८७७ मध्ये सुरू झालेली आणि पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, तिच्यानंतर उभ्या राहिलेल्या लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू आणि जाम या गिरण्या, असा शहराचा कणा होता. गिरणीच्या भोंग्यावर शहराचा दिवस सुरू होई. पूर्वभागात साखर पेठ, भद्रावती पेठ, पाच्छा पेठ या वस्त्यांत तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे हातमाग चालत, चाटी गल्लीत कापडाचे व्यवहार होत, आणि बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चारही भाषा कानी पडत. या शहरातला सूत विणणारा, ते सूत कातणारा आणि त्यासाठी कापूस पिकवणारा यांच्यातले अंतर काही कोसांचेच असल्यामुळे बाहेरच्या जगातला भावाचा धक्का एकाला बसला की तो दुसऱ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नसे.

हा धक्का आला कुठून, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, अमेरिका व युरोपातील कारखान्यांची मागणी आटली आणि कच्च्या मालाचे भाव जगभर घसरू लागले. अमेरिकी कापूस १९२९ मध्ये पौंडाला सुमारे १७ सेंट होता, तो दोन वर्षांत ६ सेंटच्या आसपास आला. मुंबईच्या बाजारातला कापसाचा भाव या जागतिक भावाला बांधलेला असल्याने सोलापूर, बार्शीच्या व्यापाऱ्याला आणि त्याच्यामार्फत शेतकऱ्याला मिळणारी रक्कमही तशीच खाली गेली. सर्व वस्तूंच्या घाऊक भावांची सरासरी दाखवणाऱ्या आकड्याला निर्देशांक म्हणतात. कलकत्त्याच्या बाजारावरून काढलेला असा निर्देशांक, जुलै १९१४ चे भाव १०० धरले तर, १९२९ मध्ये १४१ होता, १९३१ मध्ये ९६ झाला आणि १९३३ मध्ये ८७ वर पोहोचला. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या भावांपेक्षाही हा भाव खालचा होता. शेतमालाची घसरण या सरासरीहूनही अधिक होती.

यात सरकारच्या चलन-धोरणाची भर पडली. १९२७ च्या कायद्याने रुपयाची किंमत १८ पेन्स ठरवण्यात आली होती. पूर्वीचा दर १६ पेन्सांचा होता. एका पौंडात २४० पेन्स, म्हणजे इंग्लंडात एक पौंडाला विकलेल्या मालाचे जुन्या दराने १५ रुपये झाले असते, नव्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै होत. व्यापारी मंडळी आणि राष्ट्रीय पुढारी या दराविरुद्ध सतत ओरड करत राहिले, कारण भाव कोसळत असताना हा दर म्हणजे शेतकऱ्याच्या पदरातून आणखी काही काढून घेणे होते. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने स्वतः सुवर्णमानक सोडले, म्हणजे आपल्या चलनाच्या बदल्यात ठरलेल्या दराने सोने देण्याचे बंद केले, तरीही रुपया १८ पेन्सांनाच पौंडाशी जखडून ठेवण्यात आला. जिल्ह्यातल्या कुणब्याला या पेन्सांचा हिशेब कुणी समजावून सांगितला नव्हता. त्याचा परिणाम मात्र त्याला दरवर्षी सारा भरताना दिसत होता.

सारा, म्हणजे सरकारला द्यायचा जमीनमहसूल, रोखीत भरावा लागे आणि त्याची आकारणी दीर्घ मुदतीसाठी ठरलेली असे. सावकाराचे मुद्दल व व्याजही रुपयांतच लिहिलेले असे. समजा, एखाद्या शेतकऱ्याला सारा व व्याज मिळून वर्षाला ४० रुपये द्यावे लागत होते आणि मंदीपूर्वी त्यासाठी तो ज्वारीची पाच पोती बाजारात आणत होता. भाव निम्मा झाल्यावर त्याच ४० रुपयांसाठी त्याला दहा पोती आणावी लागत. पीक तेवढेच, जमीन तेवढीच, आणि सोलापुरातली जमीन तर पावसाच्या लहरीवर चालणारी. अधिकची पाच पोती घरच्या कणगीतून निघत, म्हणजे वर्षअखेरीच्या भाकरीतून निघत. धान्य स्वस्त होते तेव्हाच धान्य पिकवणाऱ्याच्या घरी ते कमी पडत होते, आणि मंदीच्या इतिहासातली ही सर्वांत कठोर गोष्ट आहे. महसुलात सूट व तहकुबी, म्हणजे वसुली पुढे ढकलणे, अशा सवलती मिळत; पण ठरलेल्या आकारणीचा पाया त्याने हलत नसे.

कोंडी फोडण्यासाठी घरातले सोने बाहेर आले. १९३१ च्या सप्टेंबरपूर्वी तोळ्याला सुमारे २१ रुपये असलेले सोने पौंडाची किंमत घसरल्यावर चढू लागले आणि काही महिन्यांत तिशीच्या घरात गेले. त्यामुळे ज्याच्याजवळ चार मणी किंवा पुतळ्यांची माळ होती त्याला ती विकून सारा भरणे, कर्ज फेडणे किंवा नुसते पोट भरणे शक्य झाले. गावच्या सोनाराकडून शहरातल्या सराफाकडे, तिथून मुंबईला आणि मुंबईहून बोटीने लंडनला असा या सोन्याचा प्रवास होता. दशकाच्या अखेरीपर्यंत देशाबाहेर गेलेल्या सोन्याची किंमत ३०० कोटी रुपयांच्या घरात गेली. त्या काळच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याला संकटापायी विकलेले सोने म्हटले. सरकारी अहवालांना त्यात भारताची व्यापारी ताकद दिसली, कारण या निर्यातीमुळे देशाची परदेशी देणी भागत होती. पिढ्यानपिढ्या जपलेले स्त्रीधन वितळून परदेशी देण्यांसाठी जावे, याला ताकद म्हणणे अन्यायाचे आहे.

शहरातल्या गिरणी कामगाराची स्थिती वेगळी होती. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२५ मध्ये सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती, तीत एका कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत सुमारे ४० रुपये आढळली. एकाच घरातले नवरा, बायको आणि हाताशी आलेला मुलगा यांच्या कमाईची ही बेरीज होती. खर्चाचा मोठा वाटा अन्नावर आणि त्यातही ज्वारीवर पडे. उरलेले डाळ, तेल, मीठ-मिरची, सरपण, घरभाडे आणि कापडात जाई. पहिल्या महायुद्धाच्या महागाईपासून सोलापूरच्या गिरण्यांनी कामगारांना सवलतीच्या दराने धान्य देण्याची पद्धत पाडलेली होती, आणि ही सवलत पगाराचाच भाग आहे की मालकाची मेहेरबानी, हा वाद कामगार व मालक यांच्यात वरचेवर उपस्थित होई. मंदीत बाजारातलेच धान्य उतरल्यावर या सवलतीचे मोलही उतरले. कामगारांचा राहणीखर्च दाखवणारा सोलापूरसाठीचा स्वतंत्र निर्देशांक लेबर ऑफिस काढत असे. १९२७-२८ ला १०० धरून काढलेला हा आकडा १९३० नंतर शंभराच्या बराच खाली राहिला.

केवळ या आकड्याकडे पाहिले तर कामगार सुखी झाला असे म्हणावे लागेल, आणि गिरणीमालकांचा युक्तिवाद नेमका हाच होता. जगणे स्वस्त झाले, म्हणून पगार कमी करायला हरकत नाही, असे त्यांचे म्हणणे असे. पण कामगाराचे कर्ज स्वस्त झाले नव्हते. कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात नोंदवले की बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन-तृतीयांश कामगार-कुटुंबे कर्जात होती. रुपयामागे महिन्याला एक आणा हा व्याजाचा परिचित दर होता, म्हणजे वर्षाला शेकडा ७५. दहा रुपयांचे कर्ज वर्षभर न फेडता राहिले तर केवळ व्याजाचे साडेसात रुपये होत. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी सावकार उभा राही तो याच वसुलीसाठी. शिवाय गावाकडच्या भावाचा सारा थकला की त्याची मागणी शहरातल्या पगारावर येई, त्यामुळे गावाची मंदी चाळीतल्या चुलीपर्यंत पोहोचे. गावात काम उरले नाही म्हणून आलेले लोक गिरणीच्या दारात बदली कामगार म्हणून, म्हणजे कुणी गैरहजर राहिला तरच एक दिवसाचे काम मिळण्याच्या आशेने, रोज पहाटे उभे राहत, आणि दाराबाहेर माणसे उभी असताना आतल्या कामगाराला पगारासाठी भांडणे अवघड होई.

गिरण्यांत राबणाऱ्यांत आणखी एक वर्ग होता, त्याची आठवण क्वचित काढली जाते. ‘गुन्हेगार जमाती’ असा शिक्का मारून ज्या भटक्या जमातींना ब्रिटिश सरकारने तारेच्या कुंपणात वसवले, त्यांची मोठी वसाहत सोलापुरात होती. तिला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. तिथल्या स्त्री-पुरुषांना गिरणीत कामाला पाठवले जाई, आणि कामावरून परतल्यावर त्यांना वसाहतीत हजेरी द्यावी लागे. इतर कामगार निदान काम सोडून गावी जाऊ शकत होता. यांना तेवढीही मुभा नव्हती. सोलापूरच्या कापडाच्या भरभराटीत या माणसांच्या श्रमाचा वाटा आहे, आणि तो शहराच्या इतिहासात ठळकपणे लिहिला गेला पाहिजे.

एक गोष्ट गिरण्यांच्या बाजूने नोंदवायला हवी. मुंबईच्या गिरण्यांना मंदीचा जेवढा तडाखा बसला तेवढा सोलापूरच्या गिरण्यांना बसला नाही, कारण कापूस जवळ होता, सुताला हातमागांचे गिऱ्हाईक दारातच होते आणि स्वदेशीच्या चळवळीने देशी कापडाची मागणी टिकवली. तरीही स्वस्त जपानी कापडाची भीती सर्वांनाच होती. जपानने १९३१ च्या अखेरीस येनची किंमत उतरू दिल्यावर ते कापड इतके स्वस्त झाले की बिगर-ब्रिटिश कापडावरची जकात १९३२ मध्ये ५० टक्के आणि १९३३ मध्ये ७५ टक्क्यांपर्यंत न्यावी लागली. वेतनकपातीच्या प्रश्नावरून १९३४ च्या आरंभी देशात गिरणी कामगारांचा मोठा संप झाला, त्यात सोलापूरचे कामगार उतरले आणि अनेक आठवडे उपासमार सोसून टिकून राहिले. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने कामाचे तास आठवड्याला ६० वरून ५४ वर आणले.

हातमागावरच्या विणकराला ना संप करण्याची सोय होती ना तासांची मर्यादा. सोलापूरचा हातमाग मुख्यतः नऊवारी लुगड्यांवर जगत होता आणि लुगड्याची गिऱ्हाईक होती खेड्यातली स्त्री. ज्वारी-कापसाला भाव नाही म्हणजे पाडव्याला किंवा दिवाळीला नवे लुगडे नाही. या धंद्यात कारखानदार म्हणजे दहा-वीस माग एका छपराखाली ठेवून मजुरीवर विणकर बसवणारा मालक. त्याच्याखाली विणकर, आणि विणकराच्या घरात कांड्या भरणारी बायको व मुले. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची लहान नळी. ती भरून दिल्याशिवाय माग चालत नसे, पण या कामाचा पैसा विणकराच्या मजुरीतच धरला जाई. लुगड्याचा भाव पडला की मजुरी कमी होई, मजुरी कमी झाली की तेवढीच कमाई करण्यासाठी अधिक लुगडी विणली जात, आणि अधिक लुगडी बाजारात आली की भाव पुन्हा पडे. या चक्रातून वाचण्यासाठी विणकरांनी कृत्रिम रेशमाचे काठ, नवे रंग, नवे नमुने असे उपाय केले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० ची. तिच्या अभ्यासकांनी दख्खनच्या हातमागाकडे आणि पुढे सोलापूर शहराकडे जे लक्ष दिले, त्यामुळे या लोकांच्या हालअपेष्टा निदान कागदावर तरी राहिल्या.

मध्यमवर्गीय कारकून, शिक्षक, रेल्वेतला बाबू यांच्या घरी स्वस्ताई खऱ्या अर्थाने आली. तरी सरकारने १९३१ च्या अखेरीस नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात केली, प्राप्तिकराची मर्यादा वर्षाला दोन हजारांवरून एक हजारावर आणली, मिठावरील करात २५ टक्के अधिभार घातला आणि अर्ध्या आण्याचे पोस्टकार्ड पाऊण आण्याचे केले. बाजारात सर्व काही उतरत असताना मीठ आणि पोस्टकार्ड महाग व्हावे, हे सामान्य माणसाला सरकारच्या वृत्तीविषयी पुरेसे सांगणारे होते.

अर्थात सोलापूरकरांना त्या वृत्तीचा अनुभव त्याआधीच आला होता. एप्रिल १९३० मध्ये सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा फडकला. मे महिन्याच्या आरंभी महात्मा गांधींच्या अटकेची बातमी आली आणि शहर बंद झाले. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्यावरून जमाव व पोलीस यांच्यात संघर्ष झाला, गोळीबारात माणसे मेली, चौक्या व न्यायालय जळाले, आणि पुढचे काही दिवस शहरात पोलिसांऐवजी स्वयंसेवकांनी व्यवस्था पाहिली. १२ मेपासून ३० जूनपर्यंत लष्करी कायदा जारी होता. या काळात गांधीटोपी घालणे हाही गुन्हा ठरत होता, आणि अनेक कुटुंबे भीतीपोटी गावाकडे निघून गेली. ‘कर्मयोगी’ पत्राच्या संपादकाला लष्करी न्यायालयाने शिक्षा दिली. ‘गझनफर’ हे साप्ताहिक चालवणारे कुर्बान हुसेन, तसेच मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. लष्करी कायद्याची आठवण काढताना मंदीचा विचार सहसा होत नाही. मात्र पडते भाव आणि वाढती बेकारी यांनी शहर आधीच अस्वस्थ झालेले होते, हे ध्यानात घेतले तर मे १९३० मध्ये गिरणी कामगार एवढ्या संख्येने रस्त्यावर का उतरला, हे अधिक चांगले समजते.

बातम्या कळण्याची साधनेही या दशकात बदलत होती. मुंबई-मद्रास लोहमार्गावरचे स्थानक असल्याने मुंबई-पुण्याची वृत्तपत्रे आगगाडीने येत. पुण्याचा ‘केसरी’ होताच. १ जानेवारी १९३२ रोजी ना. भि. परुळेकर यांनी ‘सकाळ’ सुरू केला आणि रोजच्या जगण्यातल्या बातम्यांना मान दिला. ‘किर्लोस्कर’ मासिकाला जोडून १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. मात्र वृत्तपत्र विकत घेणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ, अशी स्थिती होती. केशकर्तनालयात, हॉटेलात किंवा तालमीत एकाने मोठ्याने वाचायचे व दहा जणांनी ऐकायचे, ही त्या काळची सर्वसाधारण रीत. रेडिओ अगदी मोजक्या घरांत होता. मुंबईचे खासगी प्रक्षेपण केंद्र चालवणारी कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने ते ताब्यात घेतले आणि १९३६ मध्ये त्याचे ऑल इंडिया रेडिओ झाले.

करमणुकीत सर्वांत मोठा दिवस अर्थातच जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेचा. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांच्या मिरवणुकीला जिल्ह्यातून आणि कर्नाटकातून माणसे येत, आणि गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, पाळणे, खेळ, तंबूतले सिनेमे आणि खाद्यपदार्थांची दुकाने लागत. हाती पैसा असो वा नसो, यात्रेला जायचेच असल्यामुळे मंदीतही या मैदानावर गर्दी राहिली; खिशातला आणा कुठे मोडायचा याचा विचार मात्र अधिक काळजीने होऊ लागला.

त्या आण्यासाठी नाटक आणि सिनेमा यांची जी स्पर्धा झाली, तिने मराठी रंगभूमीचे रूप पालटले. संगीत नाटक मंडळीचा संसार मोठा असे. पन्नास-शंभर माणसे, त्यांचे जेवणखाण, पडदे, शालू, रेल्वेचे भाडे हे सर्व तिकिटांच्या विक्रीतून निघावे लागे. सिनेमाचे एक रीळ डब्यात घालून कमी खर्चात गावोगाव जात असे आणि स्वस्त तिकिटावर दिवसातून अनेकदा दाखवता येत असे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ आला, पुढच्या वर्षी प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठी बोलू-गाऊ लागला, आणि मंडळ्या एकामागून एक मोडल्या. साक्षात बालगंधर्वांना १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त पडद्यावर यावे लागले. सोलापूरसारख्या बहुभाषिक शहरात या बदलाला आणखी एक अंग होते. मूकपट सर्व भाषिकांचा होता. पडद्यावरचा मजकूर कुणीतरी वाचून दाखवला की तेलुगू विणकर, कन्नड व्यापारी आणि मराठी कामगार एकाच बाकावर बसून तो पाहू शकत. बोलपट आला आणि प्रेक्षक भाषेनुसार वेगळे होऊ लागले. १९३२ मध्ये तेलुगू बोलपट सुरू झाला आणि १९३४ चा ‘सती सुलोचना’ हा पहिला कन्नड बोलपट तर कोल्हापुरातच तयार झाला होता. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ने मात्र भाषेच्या या भिंती पुन्हा ओलांडल्या, कारण कर्जाने गांजलेल्या, दुकान बुडालेल्या घराची कथा त्या वर्षांत कोणत्याही भाषिकाला परकी वाटण्यासारखी नव्हती.

मंदीत सगळेच बुडाले असेही नाही. गुळाचे भाव कोसळल्यामुळे नीरा उजव्या कालव्यावरील ऊस-बागाइतदार अडचणीत आले होते. १९३२ मध्ये आयात साखरेवर संरक्षक जकात बसली, तेव्हा माळशिरस तालुक्यात सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन माळीनगरचा साखर कारखाना उभारला आणि चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापलेल्या कंपनीचा श्रीपूरचा कारखाना त्याच पट्ट्यात आला. कोरडवाहू शेतीसाठी सोलापुरात १९३३ च्या सुमारास संशोधन केंद्र सुरू झाले, आणि मोहोळच्या केंद्रात निवडलेले मालदांडी ज्वारीचे वाण याच दशकात शेतकऱ्यापर्यंत गेले. आज बाजारात मालदांडी या नावाने जी ज्वारी मागितली जाते, तिचा मागोवा त्या निवडीपर्यंत जातो.

पगारकपातीचा प्रश्न १९३७ च्या निवडणुकांनंतर पुन्हा पुढे आला. प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, जयरामदास दौलतराम यांच्या अध्यक्षतेखाली कापडगिरणी कामगार चौकशी समिती नेमली गेली, तीत अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळही होते, आणि फेब्रुवारी १९३८ च्या अंतरिम अहवालात समितीने मुंबई, अहमदाबाद व सोलापूर या तिन्ही ठिकाणी पगारवाढीची शिफारस केली. कर्जदार शेतकऱ्यासाठीचा कायदा १९३९ मध्ये झाला. तोवर सप्टेंबर उजाडला, दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि भाव वर चढू लागले.

या काळाविषयी सरकारी निर्देशांक आणि आयोगांचे अहवाल उपलब्ध आहेत, परंतु घरातली बाजू सांगणारी साधने अजून विखुरलेली आहेत. सोलापूर आणि परिसरातील अनेक कुटुंबांत जमाखर्चाच्या वह्या, सावकाराच्या पावत्या, गिरणीचे पगारपत्रक, मागाच्या कारखान्याची मजुरीवही, सिनेमाची हस्तपत्रके अशी कागदपत्रे माळ्यावर पडून असतील. ती रद्दीत घालण्यापूर्वी जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला, विद्यापीठाच्या इतिहास विभागाला किंवा अभिलेखागाराला दाखवावीत.